आकडे बरोबर, तरी खडक हिरवे : एका रीफ टाकीतल्या शेवाळाचं प्रकरण

टाकी रीफची, म्हणजे खाऱ्या पाण्यात प्रवाळ आणि मासे पाळण्याची; माप 120 बाय 60 बाय 55 सेंटिमीटर. खाली सम्प, म्हणजे फिल्टरची जोडटाकी, दोन्ही मिळून पाणी साधारण 400 लिटर. वय दीड वर्ष. मासे मोजके: क्लाउनफिशची जोडी, एक रॉयल ग्रामा, एक कोले टँग, तीन हिरवे क्रोमिस. प्रवाळांत झोअँथस, मशरूम, हॅमर, दोन-तीन मॉन्टीपोरा आणि वरच्या कडेला खडकावर पसरून बसलेलं एक अ‍ॅक्रोपोरा. मालक माझे परिचित आहेत. रोज क्षारता तपासणारे, प्रत्येक मोजणी वहीत तारखेसह लिहिणारे. शेवाळ निष्काळजी माणसाच्या टाकीतच माजतं हा समज इथे लागूच पडत नव्हता, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

त्यांनी मला बोलावलं ते एकाच प्रश्नासाठी. "आकडे सगळे बरोबर आहेत, मग हे वाढतंय तरी कशावर?"

वहीतले आकडे खरोखरच बरोबर होते. हिरवे केस, म्हणजे केसांसारखं शेवाळ, पहिल्यांदा दिसले तेव्हा नायट्रेट 5 पीपीएम (दशलक्षात 5 भाग), फॉस्फेट 0.03 पीपीएम, खारटपणा 35 पीपीटी (हजारात 35 भाग), क्षारता 8.5 डीकेएच (क्षारतेचं एकक), कॅल्शियम 420 पीपीएम, मॅग्नेशियम 1350 पीपीएम. मिश्र रीफ टाकीसाठी यापेक्षा चांगली नोंद कोणी मागू नये. तरीही दोन-तीन महिन्यांत खडकांवर बोटभर लांबीचे केस आले, वेव्हमेकरच्या (लाटा करणाऱ्या पंपाच्या) झोतात डोलू लागले आणि झोअँथसच्या वसाहती त्यांत बुडाल्या.

मग त्यांनी जे केलं ते बहुतेक जण करतात. माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. रिअ‍ॅक्टरमध्ये (पाणी फिरवणाऱ्या नळकांड्यात) जीएफओ, म्हणजे फॉस्फेट धरून ठेवणारे फेरिक ऑक्साइडचे दाणे, पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रेत भरले. जोडीला व्हिनेगरचा रोजचा डोस सुरू केला, जेणेकरून जिवाणू वाढतील आणि नायट्रेट ओढून घेतील. थोड्याच दिवसांत नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आले. शेवाळ होतं तिथेच राहिलं. मॉन्टीपोरा मात्र फिकी पडली, अ‍ॅक्रोपोराची टोकं पांढरी झाली, कोले टँगचं पोट आत गेलं. त्यानंतर वाळूवर आणि हिरव्या केसांच्या टोकांवर तपकिरी, शेंबडासारखे धागे दिसू लागले. दुपारनंतर त्यांत हवेचे बुडबुडे अडकलेले दिसत. रात्री ते विरल्यासारखे वाटत आणि सकाळी दिवे लागले की परत जमत.

मालकांना वाटलं, शेवाळ मरायला लागलं म्हणून तपकिरी पडतंय. मला ते धागे पाहून धास्ती वाटली.

आधी ओळख

कुठल्याही उपायाआधी मी दोन नमुने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. महागडं यंत्र लागत नाही, 400 पट मोठं दाखवणारं साधं शाळकरी सूक्ष्मदर्शक पुरतं. शेवाळावर हजार सल्ले मिळतात आणि त्यांतले निम्मे एकमेकांच्या विरुद्ध असतात, कारण ते वेगवेगळ्या जिवांसाठी दिलेले असतात. लाल-जांभळा चिकट थर हा सायनोबॅक्टेरियाचा, नव्या टाकीतली तपकिरी भुकटी डायटमची, हिरवे चकचकीत फुगे व्हॅलोनियाचे. या सगळ्यांना एकच औषध लावणं मला पटत नाही.

हिरव्या नमुन्यात साधे, लांब, जवळजवळ फांद्या नसलेले नळीसारखे तंतू दिसले. आत कुठेही आडव्या भिंती नाहीत. मधल्या कण्याला दोन्ही बाजूंनी पिसासारख्या फांद्या असत्या तर ते ब्रायोप्सिस ठरलं असतं. आडव्या भिंती आणि तारेसारखा राठपणा असता तर क्लॅडोफोरा. हे डर्बेसिया होतं. डर्बेसिया आणि ब्रायोप्सिस एकाच गणातले, आणि त्यांची रचना विलक्षण आहे: अख्खा तंतू म्हणजे अनेक केंद्रकं असलेली एकच सलग पेशी. डर्बेसियाची दुसरी पिढी तर केसांसारखी नसतेच, ती छोट्या हिरव्या गोळ्यासारखी असते. वनस्पतिशास्त्रज्ञ त्या गोळ्याला बराच काळ हॅलिसिस्टिस नावाचं वेगळं शेवाळ समजत होते. 1938 मध्ये वाढवून पाहिल्यावर दोन्ही एकाच जीवनचक्राचे भाग असल्याचं उघड झालं.

या रचनेचा टाकीतल्या कामाशी थेट संबंध आहे. अशी पेशी फाटली की आतला जीवद्रव्याचा लगदा पाण्यात सांडतो. ब्रायोप्सिसच्या बाबतीत तर हे प्रयोगांत पाहिलेलं आहे की या सांडलेल्या लगद्याचे गोळे समुद्राच्या पाण्यात पुन्हा स्वतःभोवती आवरण तयार करतात आणि त्यांतून नवी रोपं उभी राहतात. टाकीच्या आत ब्रशने खसाखसा घासणं म्हणजे बी पेरणंच.

तपकिरी नमुन्याने माझी धास्ती खरी ठरवली. थेंबाच्या आकाराच्या पेशी, टोकाच्या बाजूने दोरीला बांधल्यासारख्या एकाच जागी गरगर फिरणाऱ्या. ही ऑस्ट्रिऑप्सिसची चाल, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट, थोडक्यात डायनो : शेपटीसारख्या धाग्यांनी पोहणारे एकपेशीय जीव. ॲम्फिडिनियम असतं तर पेशी वाळूवरून सरकत गेल्या असत्या. ऑस्ट्रिऑप्सिस पॅलिटॉक्सिनच्या कुळातली विषं बनवतं. 2005 च्या उन्हाळ्यात इटलीतल्या जेनोआच्या किनाऱ्यावर ते माजलं, तेव्हा लाटांच्या तुषारांमुळे सुमारे 200 जणांना ताप आणि खोकल्याचा त्रास झाला होता. मालकांच्या टाकीतल्या गोगलगायी काचेवरून खाली पडून उताण्या का राहत होत्या, याचं उत्तर इथे मिळालं. त्या दिवसापासून टाकीत हात घालताना हातमोजे आणि सम्पमध्ये ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, हे दोन नियम ठरले.

शिल्लक आणि उलाढाल

आता मालकांच्या प्रश्नाकडे. आकडा 0.03 असताना शेवाळ कशावर वाढलं?

टेस्ट किट पाण्यातली शिल्लक दाखवतं, उलाढाल दाखवत नाही. बँकेतल्या खात्यात महिन्याअखेर थोडेच पैसे उरले, याचा अर्थ महिनाभर व्यवहार झाला नाही असा होत नाही. या टाकीचाच हिशेब घ्या. कोरड्या खाद्यात फॉस्फरस साधारण 1 टक्का धरला तर 1 ग्रॅम खाद्यातून 10 मिलिग्रॅम फॉस्फरस येतो. फॉस्फेटच्या रूपात तो सुमारे 30 मिलिग्रॅम होतो. 400 लिटरमध्ये विरघळला तर एका दिवसात 0.075 पीपीएम. किटने दाखवलेल्या 0.03 च्या अडीचपट माल रोज आत येत होता आणि संध्याकाळपर्यंत कोणीतरी तो संपवत होतं. शेवाळ दाट असेल तर आकडा कमी दिसणं हीच अपेक्षा ठेवायला हवी, कारण ते स्वतःच तो कमी करत असतं.

त्यात एवढ्या खालच्या पातळीवर मोजणाऱ्या यंत्राची चूक वाचनाच्याच मापाची असते. काचेच्या कुपीवर बोटाचा ठसा राहिला तरी 0.00 चं 0.03 होऊ शकतं. अशा आकड्यावर टाकीचं खाणं बंद करणं मला अन्यायाचं वाटतं, आणि तो अन्याय माशांवर होतो. पोट आत गेलेला टँग पाहिला तेव्हा मी मालकांना पहिली गोष्ट हीच सांगितली: आजपासून पूर्ववत खायला घाला.

खाणं निम्मं करूनही शेवाळ हललं नव्हतं. म्हणजे माल दुसरीकडूनही येत होता. भरायच्या पाण्याची झडती लगेच आटोपली: आरओ-डीआयमधून (पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून) निघणाऱ्या पाण्याचं टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) 0, रेझिन नुकतंच बदललेलं, साठवायची टाकी स्वच्छ. मीठ नामांकित, ताज्या मिसळलेल्या पाण्यात फॉस्फेट नाही. दिवे दहा तास चालत होते आणि पांढऱ्या वाहिन्या जरा जास्त होत्या. त्या कमी केल्या, पण एवढं रान उगवायला ते कारण पुरेसं नव्हतं.

उरले खडक.

खडकाची चौकशी

हे खडक कोणाच्या तरी मोडलेल्या जुन्या टाकीतले होते. वर्षानुवर्षं वापरलेले, मग वाळवून ठेवलेले. मालकांनी ते ब्लीचमध्ये बुडवून, धुऊन, उन्हात सुकवून घेतले होते, आणि ते पांढरेशुभ्र दिसत होते. ब्लीचने सेंद्रिय घाण जळते, कॅल्शियम कार्बोनेटला धरून बसलेलं फॉस्फेट मात्र जात नाही. खडकाच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटतं आणि सुटतं, आणि दोन्ही बाजूंचा तोल पाण्यातल्या प्रमाणावर ठरतो. जुन्या टाकीतलं पाणी फॉस्फेटने भरलेलं असेल तर खडक ते साठवतो. नव्या टाकीत पाणी स्वच्छ असेल तर तोच खडक ते परत देऊ लागतो. पाणी जितकं स्वच्छ कराल तितका तो सोडत राहतो.

हे तोंडी सांगून भागलं नसतं. सुदैवाने त्याच लॉटमधले काही तुकडे, टाकीत कधीच न गेलेले, मालकांकडे पडून होते. त्यामुळे तपासणी शुद्ध झाली, कारण टाकीतला खडक घेतला असता तर त्यावरचं शेवाळ सडूनही फॉस्फेट वाढलं असतं आणि दोष कोणाचा ते कळलं नसतं.

दोन झाकणाच्या बादल्या घेतल्या. दोन्हींत ताजं मिसळलेलं 10 लिटर खारं पाणी, एकेक छोटा पंप आणि तेवढंच तापमान. एकीत दोनेक किलो कोरडा खडक, दुसरी रिकामी. झाकण लावून अंधारात ठेवल्या, म्हणजे शेवाळ उगवून निकाल बिघडवणार नाही. रिकाम्या बादलीतलं फॉस्फेट शेवटपर्यंत शून्याजवळच राहिलं. खडकाच्या बादलीत चौथ्या दिवशी 0.34 पीपीएम दिसलं. अमोनिया आणि नायट्रेट मात्र जवळपास हललेच नाहीत. खडकात मेलेले जीव सडत असते तर तेही सोबत चढले असते. मग सगळं पाणी फेकून ताजं भरलं. फॉस्फेट पुन्हा चढलं, थोडं हळू, पण चढलं. तिसऱ्यांदाही चढलं.

मालक त्या बादलीकडे बराच वेळ पाहत राहिले. दीड वर्ष ते पाण्याशी भांडत होते आणि कोठार खडकांत होतं. डर्बेसियाची मुळासारखी पकड त्याच खडकांवर होती. फॉस्फेट सुटताना त्याची पहिली गाठ पडत होती ती शेवाळाशी. पाण्यात, रिअ‍ॅक्टरपर्यंत किंवा प्रवाळापर्यंत, पोहोचायचं ते उरलंसुरलं. म्हणून पाणी शून्यावर आल्यावर उपाशी पडले ते प्रवाळ आणि जिवाणू. शेवाळाचं ताट भरलेलंच होतं. आणि प्रवाळ-जिवाणू हटले तिथली रिकामी जागा डायनोंनी घेतली, कारण त्यांतले काही प्रकाशावर जगता जगता इतर सूक्ष्मजीवांनाही खातात आणि अशा दुष्काळात तगून राहतात.

दोन शत्रू, उलट दिशांना

खरी अडचण इथून पुढे होती. शेवाळ कमी करायचं तर पोषण कमी करा, असं सगळे सांगतात. डायनो घालवायचे तर पोषण वाढवा, हेही तितकंच ठाम. एकाच टाकीत दोन्ही असतील तर काय करायचं?

मी क्रम लावला: आधी डायनो. डर्बेसिया टाकी कुरूप करतं, ऑस्ट्रिऑप्सिस ती मारतं.

व्हिनेगरचा डोस काही दिवसांत उतरवत बंद केला. जीएफओ काढून टाकलं. फॉस्फेट वेगळं घालावं लागलंच नाही, खडकांनी आपणहून दिलं आणि आठवडाभरात पाण्यात 0.06 दिसू लागलं. नायट्रेट मात्र शून्यावरच होतं, म्हणून सोडियम नायट्रेटचं द्रावण रोज थोडं थोडं घातलं. 400 लिटरला 1 पीपीएम वाढवायला 0.4 ग्रॅम नायट्रेट लागतं, म्हणजे सुमारे 0.55 ग्रॅम सोडियम नायट्रेट. चमच्याच्या टोकावर मावेल एवढं. म्हणून तराजूवर तोललं, अंदाजाने टाकलं नाही. क्षारता 8.5 वरून हळूहळू 7.8 पर्यंत उतरवली, कारण पोषण कमी आणि क्षारता जास्त अशी जोडी जमली की अ‍ॅक्रोपोराची टोकं जळतात.

ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतं. ही त्याची सवयच उपयोगी पडली. पुरेशा ताकदीचा यूव्ही दिवा थेट मुख्य टाकीतून पाणी ओढेल असा जोडला आणि रात्रभर चालवला. ॲम्फिडिनियम असतं तर हा खर्च वाया गेला असता, कारण ते वाळू सोडतच नाही. दिवसा तपकिरी धागे बारीक नळीने ओढून फिल्टर सॉकमधून (गाळण्याच्या पिशवीतून) गाळले आणि तेच पाणी परत टाकीत सोडलं. पाणी बदलणं या काळात पूर्ण थांबवलं. तीन-चार आठवड्यांत वाळू उघडी पडली. सूक्ष्मदर्शकाखाली एखाददुसरी पेशी अजून दिसत होती, पण गोगलगायी काचेवर परत चढू लागल्या होत्या.

या सगळ्या काळात हिरवे केस वाढतच होते. मालकांना ते बघवत नव्हतं, आणि त्यांचं चुकत नव्हतं. याच सुमारास त्यांनी फ्लुकोनाझोलचा विषय काढला. हे माणसांचं बुरशीविरोधी औषध आहे. लिटरमागे सुमारे 5 मिलिग्रॅम या मात्रेने ब्रायोप्सिसवर ते उत्तम चालतं आणि डर्बेसियावरही बऱ्याचदा चालतं. तरी मी नको म्हटलं. एवढं शेवाळ एकदम मेलं की त्याच्यातला सगळा माल एकदम पाण्यात येतो. नुकत्याच माघार घेतलेल्या डायनोंसमोरचा मोठा स्पर्धक आपण स्वतःच्या हाताने काढतो. आणि कोठार तसंच राहतं, म्हणजे औषध उतरलं की पुन्हा पेरणी. शिवाय बुरशीविरोधी औषधं सांडपाण्यात सोडणं या गोष्टीचा मला मनापासून तिटकारा आहे, पर्याय असताना तर जास्तच. टाकीत खरंच ब्रायोप्सिस असतं आणि हाताने ते आवरलं नसतं, तर माझं मत वेगळं असतं.

काढणी

प्रवाळ न चिकटलेले खडक आधी बाहेर आले, एका वेळी दोन-तीनच. सगळे एकदम काढले असते तर टाकीचे जिवाणू आणि बारीक जीवजंतूही सोबत गेले असते. पद्धत अशी: टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत खडक धरायचा आणि केस बोटांभोवती गुंडाळून मुळाकडून उपटायचे. कापायचे नाहीत. डर्बेसिया ओलं असताना हातात बुळबुळीत लोकरीसारखं येतं. नीट पकड मिळाली की चिमटीत अख्खा पुंजका निघतो आणि खाली खडकाचा पांढरट ठिपका दिसतो. उरलेलं ताठ ब्रशने घासायचं, दुसऱ्या बादलीत विसळायचं, तिसऱ्या बादलीत पुन्हा. मग खडक पाण्याबाहेर असताना उरलेल्या खुंटांवर 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावून दोनेक मिनिटं थांबायचं. फेस येतो. धुऊन परत टाकीत, त्याच जागी. बादल्यांतलं पाणी गटारात, टाकीत एक थेंबही नाही.

झोअँथस असलेल्या खडकांना पेरॉक्साइड आणि ब्रश दोन्ही लावले नाहीत. झोअँथसमध्येही पॅलिटॉक्सिन असू शकतं. ते घासणं, आणि त्याहून वाईट म्हणजे असा खडक गरम पाण्यात घालणं, जिवावर बेतू शकतं. त्या खडकांवरचे केस पाण्याखालीच, बारीक चिमट्याने उपटले आणि शेजारी सायफनची नळी धरली, म्हणजे तुटलेला तुकडा लगेच आत ओढला जाईल.

तळातले तीन मोठे, पूर्ण उघडे खडक टाकीत लगेच परत गेले नाहीत. ते वेगळ्या टबात खाऱ्या पाण्यात ठेवून लँथनम क्लोराइडने धुतले. लँथनम फॉस्फेटला पकडून पांढरा गाळ बनवतं. टाकीत हे करायचं तर तो बारीक गाळ पकडायला 5 किंवा 10 मायक्रॉनचा सॉक लागतो आणि टँगसारख्या माशांना त्रास झाल्याच्या तक्रारी आहेत. टबात मासा नाही, प्रवाळ नाही, घाई नाही. डोस घालायचा, गाळ बसू द्यायचा, पाणी फेकायचं, ताजं भरायचं, काही दिवसांनी मोजायचं. आकडा चढायचा थांबेपर्यंत हेच. खडकांना पुन्हा टाकीत जागा मिळायला दोन महिन्यांहून जास्त लागले. या कामात कुठेही पटकन होण्यासारखं काही नाही.

खाणारी तोंडं

घासून काढलेलं शेवाळ पंधरा दिवसांत परत फुटलं, पण या वेळी केस अर्धा सेंटिमीटर होते. मालकांना हे अपयश वाटलं. मला हीच संधी वाटली, कारण लांब, राठ, कचऱ्याने भरलेले केस जवळजवळ कोणीच खात नाही आणि कोवळं खुरट खायला सगळे तयार असतात. चरणारे जीव काढणीनंतरच आणावेत, आधी नव्हे.

रीफवर शेवाळाला खरा लगाम चरणाऱ्यांचाच असतो. 1983 मध्ये कॅरिबियन समुद्रात लांब काट्यांच्या काळ्या सी अर्चिनांवर, डायाडेमावर, साथ आली आणि वर्षभरात नव्वद टक्क्यांहून अधिक अर्चिन मेले. जमैकाच्या किनाऱ्यावर शाकाहारी मासे अतिमासेमारीने आधीच संपले होते आणि 1980 च्या चक्रीवादळाने प्रवाळ मोडले होते. अर्चिन गेल्यावर चरायला कोणी उरलंच नाही. 1970 च्या दशकाअखेर तिथल्या तळाचा साधारण निम्मा भाग प्रवाळांनी झाकलेला होता. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला 5 टक्क्यांहून कमी उरला आणि नव्वद टक्क्यांहून अधिक जागा शेवाळाने घेतली. काचेच्या चौकटीत आपण हीच परिस्थिती विकत आणून ठेवतो: भरपूर खडक, भरपूर उजेड आणि खाणारे नाहीत.

टाकीत ट्रोकस गोगलगायी आणल्या, टप्प्याटप्प्याने. त्या उताण्या पडल्या तर स्वतः सरळ होतात. ॲस्ट्रियाला ते जमत नाही आणि तशीच पडून ती मरते. दोन टर्बो, कारण त्या अधाशासारखं खातात, पण न चिकटवलेले प्रवाळांचे तुकडे रणगाड्यासारखे पाडतात, म्हणून आधी सगळे तुकडे पक्के चिकटवले. एक टक्सीडो अर्चिन. कोले टँग आधीपासून होताच. त्याचे दात कंगव्यासारखे असतात, तो खडकावरचा पातळ थर खरवडतो, लांब केसांना तोंड लावत नाही. केस खुरटे झाल्यावर तो दिवसभर त्याच खडकांवर दिसू लागला आणि पोटही भरून आलं.

मालकांना फॉक्सफेस हवा होता. तो केस खातो हे खरं, पण वीस सेंटिमीटरपुढे वाढणाऱ्या माशाला 120 सेंटिमीटरची टाकी आयुष्यभर पुरणार नाही. समस्या सोडवायला जीव आणायचा आणि समस्या संपल्यावर त्याचं काय करायचं याचा विचार नाही, हे मला मान्य नाही. सी हेअर या समुद्री गोगलगायीबद्दलही तेच. डर्बेसिया तो झपाट्याने फस्त करतो, मग खाणं संपलं की उपाशी मरतो. शिवाय पंपात अडकला तर त्याच्या शाईने टाकी धोक्यात येते.

सम्पमध्ये कीटोमॉर्फा या शेवाळाचा गोळा आणि त्यावर रात्री चालणारा दिवा हा शेवटचा बदल. डायनोंच्या काळात पाण्यात काही नसताना तो लावला असता तर कीटो विरघळून गेला असता. दर पंधरवड्याला मूठभर कीटो काढून टाकायचा, म्हणजे खडकांतून सुटलेलं फॉस्फेट टाकीबाहेर जातं.

आजची स्थिती

पाचेक महिन्यांनंतर नायट्रेट 6 ते 8, फॉस्फेट 0.07 ते 0.09. म्हणजे शेवाळ माजलं होतं तेव्हाच्या 0.03 पेक्षा दुप्पट-तिप्पट, आणि खडक मात्र जांभळ्या कोरॅलाइनने, म्हणजे खडकावर कडक थर धरणाऱ्या शेवाळाने, झाकले जात आहेत. मालकांनी वहीतली दोन पानं शेजारी धरून मला दाखवली. मॉन्टीपोराचा रंग परतला आहे, अ‍ॅक्रोपोराच्या टोकांवर नवी वाढ आहे. जीएफओ परत आलं आहे, पण पूर्ण मात्रेच्या चौथ्या हिश्श्यात, सम्पमधल्या एका पिशवीत. फॉस्फेट 0.12 च्या वर गेलं तरच ती बदलायची आणि 0.05 च्या खाली उतरलं तर काढून ठेवायची.

संपलेलं नाही ते असं. अ‍ॅक्रोपोरा ज्या खडकावर पसरलं आहे तो बाहेर काढता येत नाही, आणि त्याच्या मागच्या सांध्यात डर्बेसियाचा पट्टा अजून आहे. तो आठवड्यातून एकदा चिमट्याने काढावा लागतो. पाणी सांडण्याच्या जाळीतही दोन-तीन पुंजके परत येतात, तिथे गोगलगाय पोहोचत नाही, म्हणून जाळी काढून धुतात. अर्चिन आता केस कमी पडल्यावर कोरॅलाइन खरवडू लागला आहे आणि त्याच्या मागे पांढरे माग दिसतात. त्याला एक दिवसाआड नोरीचा (वाळलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा खडकाखाली दाबून द्यायचं ठरलं आहे.